पत्ते कुटणाऱ्याचा पहिला व्हिडिओ

माझ्या पहिल्या व्हिडिओत पत्ते दिसतच नाहीत. मोर दिसतात.

घरातली सगळ्यात देखणी वस्तू म्हणून मी पलंगावर सोलापुरी चादर अंथरली, वरची ट्यूब लावली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि चार मिनिटं जीव तोडून पत्ते फिरवले. नंतर बघतो तर लाल पाठीचे पत्ते लाल-काळ्या चादरीत विरघळून गेलेले, चादरीवरचे मोर मात्र ठळक, आणि सगळ्या चित्रावरून आडवे काळपट पट्टे सावकाश वर सरकतायत. आजीनं दोन वेळा बघितलं आणि विचारलं, "चादर विकायचीय का रे?"

त्यानंतर बरेच व्हिडिओ झाले. त्यात जे जे चुकलं आणि जे जमलं, ते इथं क्रमानं सांगतो. सोलापुरातल्या एका खोलीत, एका फोनवर, फार खर्च न करता कार्डिस्ट्रीचा, म्हणजे पत्ते हातात फिरवायच्या कलेचा, पहिला व्हिडिओ कसा करायचा, एवढंच.

आधी हे आहे काय ते. पत्ते म्हटलं की आपल्याकडे रमी, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, नाहीतर गणपतीतलं जागरण. 'पत्ते कुटणे' हा तर रिकामटेकडेपणालाच दिलेला शब्द. कार्डिस्ट्रीत डाव नसतो, जिंकणं-हरणं नसतं. बावन्न पत्ते हातात कापायचे, उघडायचे, फिरवायचे, पंख्यासारखे पसरायचे आणि परत मिटायचे. कार्ड आणि आर्टिस्ट्री जोडून हा शब्द झालाय. जादूगार पूर्वीपासून शोभेसाठी असे 'हात', म्हणजे पत्त्यांच्या अशा हालचाली, करत आलेत, पण जादूपासून सुटा असा हा नाद वाढवण्यात डॅन आणि डेव्ह बक या जुळ्या अमेरिकन भावांचा वाटा मोठा. २०१४ पासून तर कार्डिस्ट्री-कॉन नावाचं संमेलनही भरायला लागलं.

जादूत हात लपवायचे असतात. इथं दाखवायचे असतात. कॅमेरा कुठं ठेवायचा, उजेड कुठून घ्यायचा, खाली काय अंथरायचं, सगळं यावरून ठरतं. बघणाऱ्याला पत्ता कुठून निघाला आणि कुठं गेला ते कळलं नाही, तर कितीही अवघड हात केला तरी नुसतं फडफडणं दिसतं.

कॅट कोणता घ्यायचा

किराणा दुकानात मिळणारे गुळगुळीत प्लास्टिकचे पत्ते रमीला झकास, पण यासाठी नाहीत. ते एकमेकांवरून एकसारखे घसरत नाहीत. गठ्ठ्यानं सरकतात नाहीतर सगळेच हातातून सुटतात. कागदी पत्ते घ्या, आणि ते पोकर मापाचे असावेत, म्हणजे अंदाजे ६३ बाय ८८ मिलिमीटर. आपल्याकडे घरोघरी असतात ते बरेचदा ब्रिज मापाचे, रुंदीला ५७ मिलिमीटर. सहा मिलिमीटरचा फरक बोटांना फार जाणवतो.

बहुतेकजण सुरुवात बायसिकलच्या साध्या कॅटनं करतात. १८८५ पासून हे पत्ते निघतायत. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यात हवा राहते म्हणून पत्ते सुटे सरकतात. व्हिडिओसाठी त्याचा आणखी एक फायदा आहे तो म्हणजे पाठीच्या नक्षीभोवतीची पांढरी किनार. पंखा उघडला की प्रत्येक पत्त्याची पांढरी कड वेगळी दिसते. बिनकिनारीचे काळे, फॅन्सी कॅट हातात रुबाबदार वाटतात, कॅमेऱ्यात त्यांचा एकच काळा ठोकळा होतो. मी असा एक हौसेनं मागवला होता. आता त्यानं घरातले झब्बू खेळतात.

दोन कॅट ठेवा. एक सरावाला, एक फक्त शूटिंगला. सरावाच्या कॅटच्या कडा महिनाभरात काळवंडतात आणि जवळून घेतलेल्या चित्रात तो मळ लगेच दिसतो.

तीनच हात

पहिल्या व्हिडिओला तीन हात पुरतात. मी सुचवेन चार्लिए कट, स्विंग कट आणि थंब फॅन. तिन्ही जुने आहेत, आणि तिन्हींचं दिसणं वेगवेगळं आहे.

चार्लिए एका हाताचा. कॅट डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर धरा, तळहातापासून वर उचललेला. अंगठा एका लांब कडेवर, मधलं बोट आणि अनामिका समोरच्या लांब कडेवर, करंगळी तुमच्याकडच्या आखूड कडेला, तर्जनी खाली मोकळी. आता अंगठा किंचित सैल करा. खालचा अर्धा भाग तळहातात पडेल. तर्जनीनं त्याची अंगठ्याकडची कड वर ढकला, पार अंगठ्याला टेकेपर्यंत. वरचा भाग त्या कडेच्या खालून निसटून तळहातात येतो, ढकललेला भाग त्यावर मिटतो. झाला कट. सुरुवातीला बहुतेकांचं अडतं ते ढकलण्यात नाही, धरण्यात. कॅट तळहातात रुतलेला असेल तर खालच्या भागाला पडायला जागाच राहत नाही. बोटं लहान असतील तर आधी अर्धाच कॅट घेऊन करा.

स्विंग कटला उजव्या हातानं कॅट वरून धरायचा, अंगठा जवळच्या आखूड कडेला आणि बोटं पलीकडच्या. तर्जनीनं वरचा अर्धा भाग सोडवून डावीकडे फिरवायचा. दार बिजागरीवर फिरतं तसा तो अंगठ्याभोवती फिरतो. डाव्या हाताच्या बेचक्यात तो झेलायचा आणि उरलेला वर ठेवायचा. थंब फॅन बघितलेला असेलच, अंगठ्यानं पत्ते गोलाकार ओढून केलेला पंखा.

एखादा हात व्हिडिओत घ्यायचा का नाही, त्याला माझी एकच कसोटी. उभं राहून, ओळीनं दहा वेळा, पत्ता न पडता. नऊ वेळा जमला तर तो अजून सरावाचा. कॅमेरा लागला की बोटांना घाम येतो आणि नवाचे सहा होतात. मला चार्लिएचे दहा व्हायला तीन आठवडे लागले, तेही रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं. सिबिलसारखे अनेक तुकडे एकदम उघडणारे दोन हातांचे कट बघून जीव खालीवर होतो, पण ते पहिल्या व्हिडिओत नकोत. अर्धवट सिबिलपेक्षा स्वच्छ चार्लिए कधीही बघवतो.

सराव पलंगाशेजारी उभं राहून करा. पडलेले पत्ते पलंगावर पडतात, त्यांचे कोपरे वाकत नाहीत, आणि दर मिनिटाला फरशीपर्यंत वाकावं लागत नाही.

फोन कुठं ठेवायचा

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा. मी तो लायटिंगवर घालवला आणि पस्तावलो.

प्रत्येक हाताला एक प्रतल असतं, तो ज्यात उघडतो ते. चार्लिए तोंडासारखा उघडतो, दोन भागांत पाचर तयार होते. ती पाचर समोरून, पत्त्यांच्या आखूड कडेच्या बाजूनं दिसते. वरून बघितलं तर फक्त वरच्या पत्त्याची पाठ हलताना दिसते, बाकी सगळं तिच्याखाली झाकलेलं. स्विंग कटचं उलटं. तो सपाट, टेबलाला समांतर फिरतो. वरून झकास दिसतो. समोरून बघाल तर एक जाड रेघ इकडची तिकडे गेली एवढंच. पंख्याला तर समोरासमोर यावंच लागतं, त्याचा चेहरा भिंगाकडे वळलेला हवा. दहा अंश वाकडा झाला तरी अर्धगोलाचा विळा होतो.

म्हणून कॅमेरा लावायच्या आधी तुमचे तीन हात आरशासमोर करा. मग आरसा खाली ठेवा, मग बाजूला. कुठून काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं तासभर वाचतो.

तीन हातांना तीन कोन घ्यायचे असतील तर घ्या, पण पहिल्यांदा एकाच कोनात भागवायचं असेल तर फोन समोर, हातांपेक्षा थोडा वर, साधारण तीस अंश खाली झुकलेला ठेवा. पाचरही दिसते, फिरणंही दिसतं. मग चार्लिएच्या वेळी मनगट किंचित पुढे झुकवायचं, स्विंगच्या वेळी कॅट भिंगाकडे थोडा कलता धरायचा. हात कॅमेऱ्याच्या सोयीनं वळवणं ही लबाडी नाही, नाटकात नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो तसंच ते.

अंतराचं एक पथ्य पाळा. फोन हातांच्या अगदी जवळ आणून मुख्य, रुंद भिंगानं घेऊ नका. जवळची बोटं वांग्यासारखी फुगतात आणि मागची बारीक होतात. एक हात अंतरावर ठेवा आणि दुप्पट झूम करा. वेगळं झूम भिंग नसलं तरी १०८०पी व्हिडिओला आताच्या बहुतेक फोनचा दुप्पट झूम खपून जातो. सेल्फी कॅमेरा टाळा. आणि भिंग पुसा. हसू नका, माझे निम्मे 'धुकट' व्हिडिओ खिशातल्या शेंगाचटणीच्या पुडीमुळे झाले होते.

फोन धरायला वाकणाऱ्या मानेचा क्लिपवाला स्टँड आणा. नवी पेठेत मोबाइलच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतो. पण टेबलाला तो अडकवला आणि त्याच टेबलावर तुम्ही पत्ते आपटलेत, तर चित्र हादरतं. फोन एका टेबलावर आणि हात दुसऱ्यावर, हे उत्तम. माझ्याकडे दुसरं टेबल नव्हतं, मी शिलाई मशिनीचं घेतलं.

उजेड आणि खाली काय

आता त्या सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांचं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, फोनला कळतं. फोन सेकंदाला तीस किंवा साठ चित्रं घेतो आणि त्या लयीचा ट्यूबच्या लयीशी मेळ बसत नाही, म्हणून पट्टे. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग आपल्या हातानं ठरवता येतं) शटर, म्हणजे एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ, सेकंदाच्या १/१०० ला बांधलं की ते जातात किंवा जवळजवळ जातात. स्लो मोशनला हा उपायही पुरत नाही, ट्यूबखाली सेकंदाला २४० फ्रेमचा (म्हणजे चित्रांचा) स्लो मोशन म्हणजे नुसती लुकलुक.

सरळ उपाय म्हणजे दिवसाचा उजेड. तो फुकट आहे आणि लुकलुकत नाही. सोलापुरात त्याची कमतरता नाही, उलट जास्तीच होतो. थेट उन्हात पांढरी किनार पेटल्यासारखी जळते आणि बोटांच्या सावल्या पत्त्यांवर काळ्याकुट्ट पडतात. म्हणून खिडकीवर पांढरा पंचा टांगा. सोलापूरचा सुती पंचा प्रकाश गाळायला इतका चांगला आहे की त्यासाठी पैसे देऊन वेगळं काही आणायचं कारण नाही. विरळ विणीचा, एकेरी, इस्त्री केलेला. चुण्या असल्या तर सावलीत चुण्या दिसतात. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे बसा, पाठीमागे नको. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, तो सावलीची बाजू उजळवतो.

वेळ सकाळची सात ते नऊ. एप्रिल-मेमध्ये तर दुसरा पर्यायच नाही; पारा ४२ च्या पुढे गेला की फोन तापतो आणि रेकॉर्डिंग मध्येच बंद करतो. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पंखा उघडला की पत्ते उडतात (छताच्या पंख्यानं हातातला पंखा उडवावा, हा विनोद मला दर उन्हाळ्यात सुचतो). घामेजलेले हात साबणानं धुऊन अगदी कोरडे करायचे, पावडर लावायची नाही. पावडरीनं सुरुवातीला पत्ते छान सरकतात आणि नंतर त्यांचा लगदा व्हायला लागतो.

खाली अंथरायला गडद, एकरंगी, बिननक्षीचं काहीतरी. माझा आवडता उपाय म्हणजे काळा किंवा गडद निळा टर्किश टॉवेल, आपल्याकडच्याच कारखान्यांतला. पत्ता पडला तरी उसळत नाही, आवाज करत नाही, आणि पांढरी किनार त्यावर उठून दिसते. एक अडचण आहे. टॉवेलच्या लूपमध्ये पत्त्याचे कोपरे अडकतात, त्यामुळे त्यावर पत्ते टेबलभर लांबवर पसरायचा हात जमत नाही. तो करायचा असेल तर जाड चादरच बरी, पण उलटी करून, किंवा साधी एकरंगी. मोरवाली घडी घालून कपाटात.

शर्टही साधा घाला. चौकड्याच्या शर्टासमोर पत्ते हरवतात. नखं काप, बोटाची पट्टी काढ, हे आईसारखं सांगत बसत नाही.

फोनच्या सेटिंगचं थोडक्यात

१०८०पी, सेकंदाला साठ फ्रेम. पुढे तीस फ्रेमच्या व्हिडिओत टाकलं की अर्ध्या वेगानं गुळगुळीत चालवता येतं. दिवसाच्या उजेडात शटर १/१२० ते १/२५० च्या दरम्यान ठेवा. त्याहून सावकाश असलं तर पत्त्यांच्या कडा फराटा होतात, फार जलद असलं तर हालचाल खडखडीत, तुटक वाटते. प्रो मोड नसेल तर हात ज्या जागी असणार तिथं स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. हे विसरलात तर चार्लिए उघडताना फोन पुढच्या पत्त्याला धरू का मागच्याला, या विचारात प्रत्येक वेळी धुरकट होतो. मी पहिले सहा टेक असेच घालवले.

प्रत्यक्ष शूट

फोन उभा का आडवा? लोक फोनवर बघतात, उभाच ठेवा. हातांच्या वर बोटभर नाही, चांगली वीतभर जागा सोडा.

रेकॉर्डिंग एकदा सुरू केलं की बंद करू नका. प्रत्येक टेकला बटण दाबायला गेलात की फोन हलतो आणि मनही. एकच हात ओळीनं वीस वेळा करा. चांगला झाला की लगेच भिंगासमोर अंगठा दाखवा. नंतर पुढे-मागे करताना ते अंगठे झटकन सापडतात. पत्ता पडला तर शिवी न देता उचला, कारण आवाजही रेकॉर्ड होतोय. प्रत्येक हाताच्या आधी आणि नंतर दोन सेकंद कॅट स्थिर धरा. ते दोन सेकंद नसले तर पुढं जोडताना कात्री कुठं लावायची तेच कळत नाही.

आवाजाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेकजण वर गाणं टाकतात. पत्त्यांचा स्वतःचा आवाज, ती सरसर आणि शेवटची टप्प, ऐकण्यासारखी असते. आमच्या घराखाली यंत्रमाग चालतात, खटाक-खटाक दिवसभर. सुरुवातीला मी माग बंद व्हायची वाट बघायचो. एकदा कंटाळून तसंच शूट केलं आणि स्विंग कट नकळत मागाच्या ठेक्यावर बसला. तो आवाज मी ठेवला. गाणं टाकायचंच असेल तर ॲपच्या स्वतःच्या संगीतसाठ्यातलं घ्या, नाहीतर हक्काच्या तक्रारीत व्हिडिओचा आवाजच काढून टाकतात.

बाहेर शूट करायची हौस पहिल्यांदा नको, पण तुम्ही ऐकणार नाही म्हणून सांगतो. भुईकोट किल्ल्याचा काळा दगड पार्श्वभूमीला अप्रतिम आहे. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगीचं विचारून घ्या. कंबर तलावाकाठी वारा असतो. तिथं माझी बदाम राणी पाण्यात गेली आणि तो कॅट तेव्हापासून एकावन्नचा आहे. गर्दीत पत्ते काढले की पाच मिनिटांत कुणीतरी मागं उभं राहून विचारतंच, "काय बे, तीन पत्ती का?" रविवारी सकाळी लवकर जा. आणि पैशांचा डाव वाटेल असं काही, म्हणजे नोटा, नाणी, चारजणांचं कोंडाळं, फ्रेमच्या आसपास ठेवू नका.

जोडकाम

इनशॉटसारखं फोनवरचं ॲप पुरतं. कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, पण तीन हातांसाठी ती म्हणजे चहाला पातेलं सोडून हंडा.

लांबी वीस ते तीस सेकंद. प्रत्येक हाताचा सर्वांत चांगला एक टेक. सगळ्यात चांगला हात सुरुवातीला ठेवा, शेवटासाठी राखून ठेवू नका, कारण तोपर्यंत बघणारा पुढं सरकलेला असतो. एका हाताच्या मध्येच कापून दुसऱ्या टेकचा शेवट चिकटवायचा मोह होईल. करू नका. लपवायचं काही नाही हेच तर दाखवायचंय, आणि जाणकाराला असा सांधा लगेच दिसतो. सांधे हातांच्या मधल्या त्या दोन स्थिर सेकंदांत येऊ द्या.

वेग कमी करायचा तर एकाच ठिकाणी, पाचर पूर्ण उघडी असते त्या क्षणी, आणि अर्ध्यापर्यंतच. चार्लिएला सेकंदभर लागतो. २४० फ्रेमचा स्लो मोशन तीसवर चालवला की त्याचे आठ सेकंद होतात. आठ सेकंद एक कट बघायला तुमच्या आईलाही धीर नसतो. रंगांच्या फिल्टरला हात लावू नका, थोडा उजेड वाढवणं ठीक.

टाकण्याआधी

खाली हातांची नावं लिहा, आणि एखादा हात कुणी नव्यानं बांधलेला असेल तर त्याचं नावही. सिबिल केलात तर तो बांधणाऱ्या ख्रिस केनरचं नाव लिहा. या नादात हा रिवाज कसोशीनं पाळतात.

मग व्हिडिओ अशा माणसाला दाखवा ज्याला यातलं काही कळत नाही, आणि "कसा वाटला" असं विचारू नका. "चांगलाय" एवढंच मिळेल. विचारा: पत्त्यांचे किती तुकडे झाले, आणि वरचा तुकडा कुठं गेला? सांगता आलं तर कोन बरोबर आहे. नाही आलं तर उजेड किंवा कोन परत बघा, हात बदलू नका.

मी पुन्हा आजीलाच दाखवला. चष्मा पुसून तिनं बघितलं. "दोन तुकडे," ती म्हणाली. "खालचा वर आला. आणि तिसऱ्या वेळी एक पत्ता बाहेर राहिला होता, तो तू करंगळीनं आत ढकललास."

ढकलला होता. मी पंचा परत खिडकीला टांगला.